कांद्याचा ड्रायर, तापलेला प्लग आणि व्होल्ट-अँपिअरचा हिशेब

३ फेब्रुवारीला रात्री साडेआठच्या सुमारास परसातल्या खोलीतून करपट वास आला. कांदा जास्त भाजला गेला असेल म्हणून धावत गेले, तर ड्रायरच्या ट्रेमधला कांदा अजून ओलसरच होता. वास भिंतीवरच्या सॉकेटमधून येत होता. बटण बंद करून प्लग उपसला. एक पिन तपकिरी पडली होती आणि सॉकेटच्या त्या भोकाभोवतीचं पांढरं प्लास्टिक फुगून पिवळं झालं होतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. परसातल्या खोलीच्या वरच सासूबाई झोपतात.

त्यानंतरच्या अडीच महिन्यांत मी व्होल्ट आणि अँपिअर मोजून ओहम आणि वॅट काढायला शिकले, घरातली एक वायर बदलून घेतली आणि उद्योगासाठी वेगळी वीजजोडणी घेतली. माझं शिक्षण बी.कॉम., विज्ञान दहावीनंतर सुटलं. घरून पदार्थ करून विकणाऱ्या माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणी याच जागी अडल्या आहेत, म्हणून तारखा आणि खर्चासकट सगळं लिहून ठेवते आहे.

आमचं घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, जुनं, अरुंद आणि लांबच्या लांब. मीटर रस्त्याकडच्या दारात. मग सोपा, माजघर, स्वयंपाकघर, आणि शेवटी परसात नंतर बांधलेली खोली. तिथे माझा मिरची-मसाला कांडायचा, एक एचपी (अश्वशक्ती) मोटरचा छोटा डंक आहे. सहा वर्षं कांदा-लसूण चटणी करून विकते आहे. दिवाळीनंतर कांदा-लसूण वाळवायला २,००० वॅटचा ड्रायर घेतला. मार्च ते मे हा आमचा हंगाम. ब्याडगी, संकेश्वरी मिरच्या उन्हात पडतात, गावातल्या प्रत्येक डंकापुढे डबे घेऊन रांगा लागतात. त्यामुळे फेब्रुवारीत हे होणं मला परवडणारं नव्हतं.

ड्रायरबद्दल तक्रार आधीपासूनच होती. विकणाऱ्याने एका घाण्याला साडेसहा तास सांगितले होते, मला सात-सव्वासात लागायचे. ड्रायर चालू असताना डंक सुरू केला की बऱ्याचदा एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप बंद होणारा स्विच, पडायचा. ज्याला विचारावं त्याचं निदान वेगळं. कुणी म्हणालं हीटर कमजोर आहे, कंपनीकडे परत पाठव. कुणी म्हणालं आपल्या पेठेत व्होल्टेजच कमी, स्टॅबिलायझर घे. नात्यातल्या एकाने सुचवलं, सोळा अँपिअरचा एमसीबी काढ आणि बत्तीसचा बसव, कटकट मिटेल.

दुसऱ्या दिवशी आमचे नेहमीचे वायरमन आले. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. सॉकेट उघडून त्यांनी बराच वेळ बॅटरी मारून बघितलं. मी विचारलं, "मामा, ड्रायर परत पाठवू का?"

"वैनी, सॉकेट बदलून देतो की. पण जळलं कशानं ते मोजल्याबिगर कसं सांगू? तोवर ड्रायर लावू नका." सॉकेटचे आणि मजुरीचे ३५० रुपये झाले.

"मोजल्याबिगर" हा शब्द डोक्यात राहिला. पुतणी नववीत आहे. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात धाराविद्युत नावाचा धडा आहे. त्यातला ओहमचा नियम तिने मला दोन दिवस संध्याकाळी शिकवला. वॅटचा भाग शेजारच्या मुलाच्या दहावीच्या पुस्तकातून घेतला. मला कामाला लागणारी गणितं दोनच निघाली. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपिअर म्हणजे वाहणारी धारा. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, म्हणजे रोध, विजेला होणारा अडथळा. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट, म्हणजे शक्ती. बाकीची सूत्रं यातूनच येतात. अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम केलं तरी वॅट, आणि व्होल्टचा वर्ग भागिले ओहम केलं तरी वॅट.

ड्रायरच्या मागच्या पत्र्यावर २३० व्होल्ट, २,००० वॅट असं कोरलेलं होतं. २,००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर. २३० भागिले ८.७ म्हणजे साडेसव्वीस ओहमला थोडे कमी. हीटर धडधाकट असेल तर मोजल्यावर हाच रोध यायला हवा. विकणाऱ्याशी बोलण्यासाठी माझ्या हातात प्रथमच काहीतरी ठोस आलं.

७ तारखेला शाहूपुरीतून क्लॅम्प मीटर आणला, १,६५० रुपयांना. हा चिमट्यासारखा असतो. वायर न कापता, नुसती चिमट्याच्या तोंडात धरून अँपिअर दिसतात. व्होल्ट आणि ओहमसाठी लाल-काळ्या वायरी वेगळ्या मिळतात. घेताना मीटरवर कॅट ३ लिहिलेलं आहे का ते बघा. घरातल्या बोर्डावर मोजायला तेवढी सुरक्षितता लागते.

घरी आणून मिक्सरची वायर चिमट्यात धरली, तर आकडा शून्य. पंख्याची धरली, शून्य. दुकानात परत जायला निघालेच होते, तेवढ्यात मामांना फोन केला. कारण साधं होतं. मिक्सरच्या वायरीत जाणारी आणि परत येणारी अशा दोन तारा एकत्र असतात, दोन्हींतून सारखीच वीज उलट दिशांनी वाहते आणि चिमट्याला बेरीज शून्य दिसते. एकच तार धरावी लागते. मामांनी मला एक फूटभर लांबीची एक्स्टेन्शन करून दिली. तिचं वरचं वेष्टण मधोमध सोललेलं, आतल्या तीन तारा सुट्या, पण प्रत्येकीचं स्वतःचं इन्सुलेशन शाबूत. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या, स्वतः सुरी लावू नका.

आणखी एक गोष्ट मी मीटरच्या डब्यावर मार्करने लिहून ठेवली आहे: ओहम मोजताना उपकरणाचा प्लग बाहेर. चालू विजेवर ओहमचं बटण लावून टोकं टेकवली तर मीटर जातो, आणि माणसालाही इजा होऊ शकते.

८ तारखेला ड्रायरचा प्लग हातात घेऊन दोन लहान पिनांना टोकं लावली. २५.६ ओहम. पत्र्यावरच्या हिशेबाच्या जवळच. जरा कमी आला म्हणून शंका होती, पण गार हीटर आणि तापलेला हीटर यांत थोडा फरक पडतो. हीटरची तार निक्रोमची असते आणि तापल्यावर तिचा रोध काही टक्केच वाढतो. पुतणीने कुठूनतरी जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब शोधून आणला. २३० चा वर्ग भागिले १०० म्हणजे ५२९ ओहम यायला हवेत, मीटरवर आले ३८! ती गोंधळली, मीही. बल्बमधली तार टंगस्टनची असते, ती पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि रोध गार असतानाच्या दहापट-चौदापट होतो. म्हणून गार बल्बचा रोध घेऊन वॅट काढायला गेलं की उत्तर साफ चुकतं. व्होल्ट आणि अँपिअर वस्तू चालू असतानाच मोजायचे आणि रोध भागाकाराने काढायचा, हे त्या संध्याकाळी पक्कं झालं.

९ फेब्रुवारीला, रविवारी, मामा स्वतःचा मीटर घेऊन आले. व्होल्टेज दिवसभर वरखाली होत असतं. माझ्या वहीत सकाळी २३८ आणि संध्याकाळी सातला २२६ असे आकडे आहेत. त्यामुळे पुढचा (दारातला) आकडा आत्ता आणि मागचा (परसातला) तासाने घेतला तर तुलनेला अर्थ नाही. मामा दारातल्या बोर्डापाशी उभे राहिले, मी परसात, पुतणी मध्ये माजघरात वही घेऊन. ड्रायर लावला, पाच मिनिटं थांबलो.

"काकू, पुढं दोनशे तेहतीस! तुमचं?"

"दोनशे तेवीस. अँपिअर आठ पॉइंट चार."

दहा व्होल्ट वाटेत गायब. २२३ भागिले ८.४ म्हणजे साडेसव्वीस ओहम, म्हणजे हीटर निर्दोष. २२३ गुणिले ८.४ म्हणजे १,८७३ वॅट. दोन हजारांचा ड्रायर माझ्या खोलीत १,८७३ चाच होत होता. डंक चालू झाल्यावर मागचं व्होल्टेज २१५ पर्यंत उतरलं. २१५ चा वर्ग भागिले २६.५ म्हणजे १,७४४ वॅट. व्होल्टेज थोडंसं पडलं तरी शक्ती दुप्पट टक्क्यांनी पडते, कारण सूत्रात व्होल्टचा वर्ग आहे. माझ्या सव्वासात तासांचं कारण वहीच्या त्या पानावर होतं. मी तीन महिने उगाचच ड्रायर बनवणाऱ्याला दोष देत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करून तसं सांगितलंही.

थर्मोस्टॅट असलेल्या यंत्राबद्दल एक सूचना. आतलं तापमान भरलं की हीटर आपोआप बंद होतो आणि अँपिअर एकदम पंख्यापुरते उरतात. तो आकडा घेऊ नका, हीटर पुन्हा पेटेपर्यंत थांबा.

आता ते दहा व्होल्ट कुठे गेले? १० भागिले ८.४ म्हणजे १.१९ ओहम. हा रोध माझ्या घरातल्या वायरीचा. परसापर्यंत दीड एमएमची वायर होती. दुकानात दीड एमएम, चार एमएम म्हणतात ते खरं तर चौरस मिलिमीटर, म्हणजे तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ. या जाडीच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम असतो, वायरीच्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात तो तक्ताच दिलेला असतो. टेपने मोजली तर वायर २८ मीटर. मी हिशेब केला, ०.३४ ओहम. मामांनी वही बघून मान हलवली. "वैनी, वीज जाती तशी परत बी येती की." म्हणजे ५६ मीटर धरायचे, ०.६८ ओहम.

तरीही १.१९ मधून ०.६८ गेले की ०.५१ उरतात. सॉकेट तर नवं होतं. मग हा अर्धा ओहम कुणाचा? ८.४ चा वर्ग गुणिले ०.५१ केलं तर ३६ वॅट. सोल्डरिंगचं साधं आयर्न २५ वॅटचं असतं, ते शिसं-कथिल वितळवतं. त्याहून जास्त उष्णता माझ्या घरात कुठेतरी, मला न दिसणाऱ्या एखाद्या इंचभर जागेत, रोज सात तास निर्माण होत होती. हा आकडा वहीत लिहिताना माझे हात गार पडले होते.

मामांनी ड्रायर अर्धा तास चालवून मेन स्विच बंद केला आणि वायरीच्या पट्टीवरून हाताची पाठ फिरवत पुढून मागे आले. स्वयंपाकघराच्या माळ्यावर थांबले. जुनी पितळी भांडी आणि गोधड्यांचं गाठोडं बाजूला केलं. परसातली खोली बांधली तेव्हा जुन्या वायरीला नवी जोडून पुढे नेली होती. डबा नाही, कनेक्टर नाही, तारा एकमेकींना पिळून वर काळी टेप. टेप हाताळली तशी तिचे तुकडे पडले. आतलं तांबं काळवंडलेलं, एका बाजूला हिरवट बुरशीसारखा थर, आणि पाच-सहा तारांपैकी दोन तुटलेल्या. गाठोड्याच्या कापडाला टेकलेल्या जागी तपकिरी डाग होता.

बत्तीसच्या एमसीबीचा सल्ला ऐकला असता तर काय झालं असतं ते मला त्या डागाकडे बघताना कळलं. एमसीबी वायरीला जपण्यासाठी असतो. दीड एमएमच्या वायरीवर सोळाच्या वर जाऊ नये. उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते: माझ्या त्याच वायरीत ८.४ अँपिअरला ४८ वॅट, तर १५ अँपिअरला १५३ वॅट. एमसीबी पडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी वायर न बदलता मोठा एमसीबी बसवू नका.

१८ आणि १९ फेब्रुवारी असे दोन दिवस काम चाललं. मीटरपासून परसापर्यंत चार एमएमची नवी सलग वायर, मध्ये एकही जोड नाही. फेज, न्यूट्रल आणि अर्थ मिळून २८ त्रिक ८४ मीटर, म्हणजे ९० मीटरच्या एका बंडलात भागलं. खर्च असा: वायर ८,७००, पट्टी आणि खिळे-स्क्रू १,१००, २५ चा एमसीबी आणि दोन सॉकेट ९००, झटका बसला तर वीज लगेच तोडणारा आरसीसीबी १,९००, मजुरी ३,५००. एकूण १६,१०० रुपये. मला हा आकडा जड गेला. पण स्टॅबिलायझर घेतला असता तर पैसेही गेले असते आणि माळ्यावरचा जोड तसाच तापत राहिला असता.

वीस तारखेला पुन्हा तिघं तीन जागी. पुढे २३३, मागे २३०.६, अँपिअर ८.७. चार एमएमला किलोमीटरला ४.९५ ओहम, ५६ मीटरला ०.२८, आणि गुणिले ८.७ म्हणजे २.४ व्होल्ट. वहीतलं आणि मीटरवरचं तंतोतंत जुळलं. पुतणीने टाळ्या वाजवल्या. वॅट २,००६. त्या दिवशीचा कांदा साडेसहा तासांत वाळला, हाताने चुरला तर कुरकुरीत.

मग जोडणीचं काम. घरगुती मीटरवर आता सगळं चालवायचं नव्हतं, त्यामुळे परसातल्या खोलीसाठी उद्योगाची वेगळी जोडणी मागायची ठरवली. अर्जात भाराची यादी द्यावी लागते, किलोवॅटमध्ये. इथे मोटरने मला अडवलं. डंकाच्या मोटरला मोजून ६.२ अँपिअर येत होते. २३० गुणिले ६.२ म्हणजे १,४२६ वॅट. पण पत्र्यावर एक एचपी, म्हणजे ७४६ वॅट. एवढी तफावत कशी?

उत्तर दोन टप्प्यांत मिळालं. पहिलं, ७४६ वॅट ही मोटरच्या दांड्यावर मिळणारी ताकद, आत जाणारी वीज त्याहून जास्तच असते. दुसरं, मोटरमध्ये व्होल्ट आणि अँपिअर एकाच तालात चढत-उतरत नाहीत, म्हणून नुसता गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा मोठा येतो. त्याला पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. हीटर, इस्त्री, गिझर यांना हा प्रश्न नाही, तिथे गुणाकार सरळ लागू पडतो.

खरे वॅट मी क्लॅम्प मीटर न वापरता काढले, ही युक्ती मला फार आवडली. वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३,२०० आहे. घरातलं बाकी सगळं बंद करून डंक चालवला आणि पुतणीने मिनिटभर मोजले. ५५. एका तासाचे ३,३००, भागिले ३,२०० म्हणजे १.०३ युनिट तासाला. एक युनिट म्हणजे तासभर हजार वॅट, म्हणजे हे झाले १,०३० वॅट. त्याला १,४२६ ने भागलं की ०.७२, हा माझ्या मोटरचा पॉवर फॅक्टर. तुमच्या मीटरवरचा आकडा वेगळा असू शकतो, आधी तो वाचा.

यादीत मात्र पत्र्यावरचे आकडे लिहायचे असं वायरिंग तपासणाऱ्या परवानाधारक ठेकेदारांनी सांगितलं: ड्रायर २,०००, मोटर ७४६, मिक्सर ७५०, पिशव्यांचा सीलर ३००, पंखा ७५, दोन ट्यूब ४०. बेरीज ३,९११ वॅट. पुढे अजून एखादं यंत्र येईल म्हणून ५ किलोवॅट मागितले. ही बेरीज स्वतः केलेली असल्यामुळे वीज कंपनीच्या खिडकीवर विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देता आलं.

कागद जमवायला जास्त दिवस गेले. आधार, घरफाळ्याची चालू पावती, घर सासूबाईंच्या नावावर म्हणून त्यांचं ना हरकत पत्र, उद्यम नोंदणी (ती ऑनलाइन होते आणि मोफत आहे, कुणाला पैसे देऊ नका), आणि परवानाधारक ठेकेदाराचा वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट. मामांकडे ठेकेदारीचा परवाना नाही, त्यामुळे ज्यांच्याकडे आहे त्यांनी येऊन इन्सुलेशन आणि अर्थिंग तपासलं, मग सही केली. त्यांनी १,२०० घेतले. घरफाळा मागच्या वर्षाचा थकला होता, तो भरून पावती घेण्यात चार दिवस गेले. हे आधी बघून ठेवा.

१२ मार्चला अर्ज भरला. २१ ला जागा बघायला आले, दहा मिनिटांत झालं. कोटेशन २८ ला आलं, त्यात सुरक्षा ठेव आणि जोडणीचा आकार असे वेगवेगळे रकाने होते. रक्कम भारावर ठरते, म्हणून आपला भार उगाच फुगवून सांगू नये. त्याच दिवशी ऑनलाइन भरलं आणि पावती छापून ठेवली. मग गुढीपाडवा, ज्योतिबाची यात्रा. वाट बघताना मिरच्या येऊन पडलेल्या, म्हणून डंक आणि ड्रायर आळीपाळीने चालवत होते, एकावेळी दोन्ही नाही. तीन रात्री एक वाजेपर्यंत जागले.

१६ एप्रिलला नवा मीटर बसला. संध्याकाळी ड्रायर, डंक आणि मिक्सर एकदम चालू केले. पुढे १८.१ अँपिअर, २५ चा एमसीबी निवांत. प्लग अर्ध्या तासाने हातात घेतला, कोमटसुद्धा नव्हता. सासूबाईंनी वरून विचारलं, "झालं का गं तुझं?" मी झालं म्हटलं आणि वहीत तारीख, वेळ आणि दोन आकडे लिहिले.

क्लॅम्प मीटर आता समोरच्या शिलाईवाल्या ताईंकडे आहे. त्यांच्या इस्त्रीचा प्लग तापतो. काल त्यांचे आकडे आले: दारात २३४, इस्त्रीपाशी २२९, अँपिअर ४.३. इस्त्री हजार वॅटची आहे, २२९ भागिले ४.३ म्हणजे ५३ ओहम, इस्त्रीत खोट नाही. पाच व्होल्ट वाटेत जात आहेत, म्हणजे १.१६ ओहम. रविवारी मामांना घेऊन त्यांचा माळा बघायचा आहे.